ट्रॉलीची धास्ती हंगामाबरोबर परत का आली?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते बाकीच्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ, वय २७, निपाणीजवळच्या गावातून रोज मोटारसायकलने चिकोडीला कामाला जायचा. जानेवारीत अंधार पडल्यावर रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या डबल ट्रॉलीवर तो मागून आदळला. ट्रॉलीला ना दिवा, ना रेडियम, ट्रॅक्टरवर टेप मात्र वाजत होता. खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. पहिले आठ-दहा दिवस तो शांत होता, मग झोपेत दचकायला लागला. एप्रिलनंतर सगळं निवळलं, पावसाळाभर त्याने गाडी चालवली. नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे बॉयलर पेटले, ट्रॉल्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरवरचा टेप ऐकून त्याचे हातपाय गार पडले. आता गाडीला हात लावत नाही, वरातीतल्या डॉल्बीनेही त्याला घाम फुटतो. तुम्ही विचारलंय, गेलेली भीती परत कशी आली, वडील म्हणतात तसं धरून गाडीवर बसवावं का, आणि बाहेर पडताना तो घेतो ती अल्प्राझोलम ०.२५ ची गोळी चालू ठेवावी का.

भीतीच्या आणि आघाताच्या उपचारात ज्यांचं रोजचं काम चालतं, त्यांना या हकिकतीत सगळ्यात आधी खटकेल ते असं, की एप्रिल ते ऑक्टोबर तुमच्या रस्त्यावर उसाची ट्रॉलीच नव्हती. म्हणजे भीती गेली की राहिली, याची परीक्षाच झाली नाही. गाडी त्याने चालवली, पण गाडीची भीती त्याला बसलीच नव्हती. बसली होती ती ट्रॉलीच्या मागच्या बाजूची, टेपच्या आवाजाची, मळीच्या वासाची आणि त्या वेळेच्या अंधाराची.

हे शिक्षण मेंदूत कुठं होतं ते थोडं सांगायला हवं, कारण उपाय त्यावरूनच ठरतो. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. त्याच्या बाहेरच्या कप्प्यात आवाज, दृश्य, वास यांच्या खबरा येतात आणि वेदनेचीही येते. दोन्ही एकाच वेळी पोचल्या की त्यांना जोडणारे सांधे घट्ट होतात. इथपर्यंत टेपचा आवाज नुसता आवाज होता, यापुढे तो एकटा आला तरी अमिग्डालाचा मधला कप्पा पुढचे हुकूम सोडतो. एक हुकूम मेंदूच्या देठाला, त्याने माणूस जागच्या जागी थिजतो. दुसरा शरीराचा आतला कारभार सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला, त्याने छाती धडधडते, तळवे ओले होतात, बोटं गार पडतात. हे सगळं 'अरे, हा तर नुसता टेप' असं मनात येण्याच्या आधी घडून गेलेलं असतं. आवाजाची खबर अमिग्डालाला आखूड वाटेनेही मिळते, हे जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून १९८०च्या दशकात दाखवलं.

म्हणून 'किती समजावलं तरी ऐकत नाही' ही तुमची तक्रार मला रास्त वाटते, पण त्यात त्याचा दोष नाही. १९९५ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग इथं उपयोगी आहे. पडद्यावर वेगवेगळे रंग दाखवायचे आणि ठरावीक रंगानंतर बोटीचा कर्कश भोंगा वाजवायचा. ज्या रुग्णाचा अमिग्डाला दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता, त्याला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे नीट सांगता येत होतं, पण तो रंग पाहून तळव्याला घाम काही येत नव्हता. ज्याचा हिपोकॅम्पस, म्हणजे घडलेल्या प्रसंगांची आठवण ठेवणारा भाग, गेला होता, त्याला घाम यायचा, पण कशानंतर भोंगा वाजला ते सांगता यायचं नाही. माहिती एका खात्यात आणि धास्ती दुसऱ्या. तुम्ही समजावता ते माहितीच्या खात्यात जमा होतं आणि तिथं तुमच्या भावाची शिल्लक आधीच भरपूर आहे.

पहिले आठ-दहा दिवस शांत आणि मग त्रास, हेही पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. घरच्यांना मात्र ते नाटक वाटतं. याबद्दल आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने फार चांगलं काम केलंय. उंदराला एकदाच, २ तास हलता येणार नाही असं ठेवलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डालाच्या पेशींत काही फरक नाही. १० दिवसांनी पाहिलं तर त्या पेशींवरचे सांधे जोडणारे काटे वाढलेले आणि उंदीर बुजरा झालेला. रोज २ तास असं १० दिवस केलं तेव्हा हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालातल्या मात्र फोफावल्या. पुढे २१ दिवस विश्रांती दिल्यावर हिपोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डाला झाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी 'विश्रांती घे, आपोआप जाईल' या सल्ल्यावर एवढा भरवसा का ठेवू नये, ते यावरून कळतं.

डॉल्बीचंही तसंच. भीती शिकताना मेंदू काटेकोर नसतो. ट्रॅक्टरवरचा टेप आणि वरातीतला डॉल्बी, दोन्हींत छातीवर आदळणारा तोच ठोका आहे. दिवस जातात तसा तपशील पुसट होतो आणि भीतीचा घेर वाढतो. त्यात हिपोकॅम्पस, ज्याने 'हा आवाज कुठला, ही जागा कुठली' हा फरक सांगायचा, तो ताणामुळे आधीच थकलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. भीती पुसता येत नाही. भीतीची वस्तू समोर येते आणि वाईट काही घडत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतला-खालचा भाग एक नवी गोष्ट शिकतो आणि अमिग्डालाला आवरतो. जुनी नोंद तशीच राहते. आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यासारखंच हे: दावा निकाली निघत नाही, त्यावर स्टे मिळतो, आणि स्टे दिलेल्या हद्दीपुरताच चालतो. काळ गेला तर तो ढिला पडतो, हे पावलोव यांनी कुत्र्यांच्या लाळेवरच्या प्रयोगांतच पाहिलं होतं. जागा बदलली तर लागू होत नाही. आणि मध्येच दुसरा एखादा धक्का बसला, अगदी घरात कुणाचा अपघात झाला तरी, तो उठू शकतो. शिकलेली भीती मात्र कुठल्याही हद्दीत चालते, काळाने सहसा ढिली पडत नाही. हा असमतोल निसर्गाने मुद्दाम ठेवलाय असं मानायला हरकत नाही, कारण साप एकदा विसरला तर दुसरी संधी मिळत नाही.

यातून उपचाराचा नियम निघतो. नवं शिक्षण जितक्या जास्त जागी, वेळी आणि परिस्थितीत होईल, तितका त्याचा अंमल वाढतो. बहुतेक घरं नेमकी इथं चुकतात. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, थोरला भाऊ मागे बसवून सराव करतात आणि एकटा गेला की सगळं कोसळतं.

सराव कसा करायचा ते सांगतो. पण त्याआधी एक अट. खाली लिहिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी काहीही असेल, तर हे घरी करू नका, जाणकाराच्या हाताखाली करा.

एक वही घ्या आणि त्याच्याकडूनच, तुमच्याकडून नव्हे, टेप आणि ट्रॉली यांच्याशी संबंधित दहाबारा प्रसंग लिहून घ्या. प्रत्येकाला ० ते १० गुण. ट्रॅक्टरच्या टेपवरचं गाणं मोबाईलवर कमी आवाजात ऐकणं बहुधा २-३ ला येईल. दिवसा खळ्यात उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रॉलीशेजारी उभं राहणं ४. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे, धडक झाली त्याच बाजूला, हात लावून उभं राहणं ६. चालू ट्रॅक्टर, टेप लावलेला, ७. मग मागे बसून ट्रॉलीमागून जाणं आणि शेवटी स्वतः गाडी चालवत दिवसा ट्रॉली ओलांडणं. सुरुवात ३-४ पासून करा. शून्यापासून केली तर शिकायला काही नसतं, नऊपासून केली तर तो पळेल.

प्रत्येक सरावाआधी त्याने एक वाक्य लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि त्याची खात्री किती. उदाहरणार्थ, 'टेप लागला की मला चक्कर येऊन मी पडेन, खात्री १० पैकी ८.' मग खळ्यात जायचं. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून चाकामागे दगड लावून घ्या, चावी काढून घ्या, दिवस असू द्या. तिथं ५ मिनिटं नव्हे, त्या भाकिताचा निकाल लागेपर्यंत थांबायचं, साधारण ३० ते ४५ मिनिटं. परत येऊन लिहायचं: पडलो का? काय झालं? आता खात्री किती? मेंदू नवं शिकतो ते अपेक्षा आणि घडलेलं यांच्यातल्या तफावतीमुळे. पूर्वी आम्ही लोक भीती तिथल्या तिथे अर्ध्यावर उतरेपर्यंत माणसाला थांबवून ठेवायचो. आता मिशेल क्रॅस्क यांच्यासारख्या संशोधकांच्या कामानंतर भर भाकीत खोटं ठरण्यावर असतो. छाती धडधडतच राहिली पण तो पडला नाही, तरी त्या दिवसाचं काम झालं.

आठवड्यातून ४-५ दिवस हे व्हायला हवं. रविवारी एकदा केलं तर मधल्या सहा दिवसांत स्टे ढिला होतो. एक पायरी दोनतीनदा झाली की तीच पायरी दुसरीकडे करा: गावच्या खळ्यात, मग कारखान्याबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते तिथं, मग पेट्रोल पंपावर. सकाळी आणि दिवेलागणीला, मराठी गाणं आणि कन्नड गाणं, तुम्ही सोबत आणि तो एकटा. टेप वेगळा आणि ट्रॉली वेगळी जमली की दोन्ही एकत्र आणा. हा दिवस जड जातो, पण फायदा मोठा असतो.

सहाची पायरी अडली तर मला एक काम सुचतं. लाल रेडियमची पट्टी आणा आणि गावातल्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर त्याच्या हाताने चिकटवून घ्या. फळी ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची, मग पट्टी अंगठ्याने दाबत कडेपर्यंत न्यायची. एका ट्रॉलीला पाव तास सहज जातो आणि तेवढा वेळ तो त्याच जागी उभा असतो. उगाच उभं राहण्यापेक्षा हातात काम असलेलं बरं. शिवाय रस्त्याचंही भलं होतं.

बिघडतं कुठं तेही पाहा. पहिलं म्हणजे भीती शिगेला असताना निघून येणं. निघताच छाती हलकी होते आणि मेंदू शिकतो की निघालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पाय लवकर निघतो. निघावंच लागलं तर रस्त्याच्या कडेला थांबा, घरी पळू नका, आणि १० मिनिटांनी एक पायरी खाली उतरून पुन्हा करा. दुसरं, सोबतीच्या कुबड्या: दर १० मिनिटांनी आईला फोन, खिशात गोळी, कानात इअरफोन, मागे दादा. काही अनर्थ झाला नाही की श्रेय कुबडीला जातं आणि मूळ शिक्षण होत नाही. त्या एकदम काढू नका, पायरीपायरीने काढा. अपघाताच्या जागी नारळ फोडलात, अंगारा लावलात, त्याला माझी काही हरकत नाही. फक्त 'तो ताईत नसेल तर मी जाणार नाही' अशी अट होऊ देऊ नका. तिसरं, श्वास. ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला ६ वेळा, असं सकाळ-संध्याकाळ १० मिनिटं करणं चांगलं. ट्रॉलीपुढे मात्र धडधड थांबवण्यासाठी श्वास मोजत बसला तर तीही कुबडीच.

आणि एक भीती काढायचीच नाही. बिनदिव्याची ट्रॉली रात्री खरोखरच जीवघेणी आहे. हंगामात अंधार पडल्यावर वेग कमी, पुढच्या वाहनापासून निदान ३ सेकंदांचं अंतर, हेल्मेट, समोरून लाईटचा झोत आला तर गाडी सावकाश करणं, हे सगळं राहू द्या. रात्री ट्रॉलीमागे जाण्याचा सराव मी कुणालाच देत नाही. दिवसा उभ्या ट्रॉलीजवळ जाता न येणं ही अडचण आहे, रात्री सावध असणं ही अक्कल आहे.

वडिलांच्या 'धरून बसवा'बद्दल. हेतू चांगला, पण तो उपाय सहसा उलटतो. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं की धक्का तेवढाच असला, तरी तो थांबवणं ज्याच्या हातात असतं तो सावरतो, आणि ज्याच्या हातात काहीच नसतं तो पुढे सुटकेची वाट असूनही हातपाय गाळतो. पुढच्या संशोधनात कळलं की 'माझ्या हातात आहे' ही खबर प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच धरतो, म्हणजे भीती आवरणारा तोच भाग. म्हणून कोणती पायरी, कधी, किती वाजता, हे त्याने ठरवायचं. आजचा सराव करायचा की नाही, हे मात्र तो आणि तुम्ही मिळून आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवायचं, दारात उभं राहून नाही. घाबरलेला असताना त्याला भाषण देऊ नका. त्या वेळी विचार करणारा भाग ताणाच्या रसायनांनी मंदावलेला असतो, शब्द पोचत नाहीत. 'मी इथंच आहे, आणखी थोडा वेळ थांबू' एवढं पुरे.

गोळीचं पाहू. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या त्या घटकेला आराम देतात, म्हणूनच अडचणीच्या ठरतात. सरावाआधी घेतली तर शिक्षण कच्चं राहतं आणि यश गोळीच्या नावावर जातं. रोज घेतली तर सवय लागते. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: या गोळीने प्रतिक्रिया मंदावतात, तेव्हा ती घेऊन मोटारसायकल चालवणं हाच नवा धोका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात मोठ्या माणसांना असल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितलंय. पण तो कित्येक आठवडे रोज घेत असेल तर एकदम बंद करू नका, घाबरं वाढतं, क्वचित झटकेही येतात. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याकडूनच हळूहळू कमी करून घ्या. लक्षणं जास्त असतील तर सर्ट्रालीनसारखं औषध ते सुचवू शकतात. त्याला गुण यायला काही आठवडे लागतात, ते रोज घ्यायचं असतं आणि ते सरावाच्या आड येत नाही. आठवण पुसणाऱ्या गोळीबद्दल मोबाईलवर जे फिरतं त्याचं मूळ २००० सालच्या उंदरांवरच्या एका प्रयोगात आहे. माणसांत भरवशाचा उपचार त्यातून अजून निघालेला नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे घालवू नका.

झोपेकडे लक्ष ठेवा. दिवसा जे नवं शिकलं जातं ते झोपेत पक्कं होतं, आणि रात्री 'झोप येण्यापुरती' घेतलेली दारू नेमकी तीच झोप बिघडवते. सुधारणा झाल्यावरही पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, बॉयलर पेटायच्या आधी, तीनचार दिवस खळ्यातला सराव पुन्हा करा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात थोडी धडधड झाली तर ती अपेक्षितच आहे, सगळं वाया गेलं असं समजू नका.

आता त्या खुणा. अपघात जणू आत्ताच घडतोय असं जागेपणी दिसणं, महिनाभराहून जास्त काळ रोजची दुःस्वप्नं, माणसांत मिसळणं बंद, सतत चिडचिड, दारू वाढणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. यातलं काही असेल तर तो आघातोत्तर तणावविकार असू शकतो. धडकेत डोक्यालाही मार लागला होता का ते तुम्ही लिहिलेलं नाही. लागला असेल आणि चक्कर, डोकेदुखी, विसराळूपणा असेल तर आधी ते तपासा. छातीत दुखत असेल तर ईसीजीसुद्धा. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी हालचाल करा आणि त्याला एकटं ठेवू नका.

तुमच्याकडून धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था गाठता येते. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करता येतो. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, कन्नडशिवाय मराठीतही बोलता येतं. जाताना अपघाताचे दवाखान्याचे कागद, गोळ्यांची पाकिटं आणि सरावाची वही बरोबर न्या. आणि एकच गोष्ट नीट विचारा: आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्याचा मानसोपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आघाताची आठवण हाताळण्याचा उपचार) इथं मिळते का, आणि आठवड्याला बैठक मिळेल का. महिन्यातून एकदा पाच मिनिटं आणि चिठ्ठी एवढंच मिळणार असेल, तर औषध तिथलं चालू ठेवा आणि सरावासाठी दुसरा मानसतज्ज्ञ शोधा.